गोठलेल्या चुन्याचं छत

बर्गंडीतल्या त्या टेकडीवर आन्सेल गवंडी सव्वीस वर्षं दगडावर दगड ठेवत आला होता. सरदाराच्या किल्ल्याचे तीन बुरूज त्याच्या हातचे. भिंत किती जाड धरायची, बाण सोडायची फट आतून रुंद आणि बाहेरून कशी चिंचोळी ठेवायची, हे तो काठीने मातीत रेघ ओढून दाखवी. आणि नोव्हेंबरात संत मार्तिनचा सण झाला की थापी धुऊन खुंटीला लावी. मग वसंतातल्या ईस्टरपर्यंत अर्धवट भिंतींच्या माथ्यावर पेंढा आणि शेण. आजारी माणसांसारख्या त्या पांघरूण घेऊन निजत.

"चुन्याला थंडी बाधते," एवढंच तो म्हणे.

चौथ्या बुरुजाच्या वेळी सण उलटून गेल्यावर कारभारी घोड्यावरून आला. "वसंतात शत्रू येणार. सरदारांना छत त्याआधी हवं."

"ईस्टरनंतर मिळेल," आन्सेल म्हणाला.

तेव्हा त्याचा जावई गिरार पुढे झाला. थापी धरायला त्याला आन्सेलनेच शिकवलं होतं. "मी भरतो छत. मामा, थंडी चुन्याला नाही बाधत, तुमच्या गुडघ्यांना बाधते."

सगळे हसले. कारभारी हसला. भाकरी घेऊन आलेली एमलीन, आन्सेलची एकुलती एक लेक, तीही तोंडावर हात धरून हसली. आन्सेलने ते हसणं घरी नेलं आणि हिवाळाभर जपलं.

गिरारने पाणी तापवलं, शेगड्या पेटवल्या आणि फेब्रुवारी लागता लागता दगडी छत भरून पुरं केलं. आता छत तोलून धरणारा खालचा लाकडी सांगाडा काढायचा होता. सांगाडा काढताना छत भरणाऱ्याने उघड्या डोक्याने त्याच्याखाली उभं राहायचं, ही तिथल्या गवंड्यांची रीत. आन्सेल तीनदा उभा राहिला होता.

त्या सकाळी वारा फिरला. वळचणीचं पाणी टपटपू लागलं. बुरुजाच्या आत मात्र अजून गारठा होता. गिरारने छतावर हातोडी मारली. ठण्ण आवाज आला.

"ऐका. लोखंड आहे लोखंड."

आन्सेलने ऐकलं. तो चुन्याचा आवाज नव्हता, बर्फाचा होता. चुना ओला असतानाच गोठला होता. दगड बर्फाने धरले होते, आणि बर्फ आता वितळायला निघाला होता. एक शब्द पुरला असता. पण तो गिरारने स्वतः मागायला हवा होता, चारचौघांत, जसे सगळे त्याला हसले होते तसा.

"काय म्हणता, आन्सेलबुवा?" कारभाऱ्याने विचारलं.

"वाजतंय तर खरं," आन्सेल म्हणाला.

गिरारने टोपी काढली. खाली जाऊन उभा राहिला आणि आन्सेलकडे पाहिलं. पहिल्यांदा ओळंबा धरला तेव्हा बरोबर आहे का म्हणून पाहिलं होतं, अगदी तसंच. आन्सेल वाकला आणि बुटाचा चिखल काडीने काढू लागला.

सुतारांनी भिंतीलगत उभं राहून सांगाड्याखालच्या पाचरी ठोकून काढायला सुरुवात केली. चौथी निघाली तेव्हा गिरारच्या खांद्यावर मूठभर पांढरी भुकटी पडली. त्याने ती झटकली. पाचवीला छत खाली आलं.

त्याला बाहेर काढायला दुपार झाली. कारभारी ढिगाऱ्याभोवती फिरून आला. "दगड शाबूत आहेत. पुन्हा भरायला किती दिवस लागतील?"

"चांगलं ऊन पडलं तर मे अखेर," आन्सेल म्हणाला, आणि आपला आवाज किती सरळ निघाला हे त्याला कळलं.

घरी एमलीन नवऱ्याच्या केसांतला चुना धूत होती. तिने वर पाहिलं नाही.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्यानं विचारलं नाही."

तिने पाणी बदललं. "तो तुम्हाला घाबरायचा," ती म्हणाली. "थंडीत छत भरलं, ते तुम्ही एकदा तरी बरं म्हणावं म्हणून."

आन्सेल दाराशी उभाच राहिला. बसा, असं त्याला कोणी म्हटलं नाही.