कानात सांगितलेलं नाव

आळेफाट्यावर माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, बैलगाडा शर्यत, दशक्रिया, काहीही असो, माणसं फोटो आणि नाव घेऊन माझ्याकडे येतात आणि मी ते मोठ्या अक्षरांत छापून देतो. नावांच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये, अशी माझी घमेंड होती. एखादं चमत्कारिक नाव आलं की मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर त्याची चेष्टा करायचो, आणि गिऱ्हाईकही हसायचं. माझी चेष्टा लागत नाही असं सगळे म्हणतात. घरात मात्र ती लागली, आणि अशी लागली की जखम अजून भरून आलेली नाही. ते आज लिहून टाकतो. देव आहे की नाही यावर वाद घालायची माझी अक्कल नाही, घडलं तेवढं सांगतो.

माझी बायको सुमन आंबेगावच्या डोंगरातली, भाताच्या खाचरांत वाढलेली. मुळात बोलणं कमी. आमचं पहिलं मूल पाचव्या महिन्यात गेलं आणि ती आणखीच गप्प झाली. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला नवस बोलला की सातव्या महिन्यात दर्शनाला येईन. मला म्हणाली, "तुमी चला ना संगं." त्या आठवड्यात दुकानात यात्रेच्या फ्लेक्सची झुंबड होती. "माझ्या वाटणीचं तूच पाया पड," असं म्हणून मी तिला शेजारच्या काकूंबरोबर जीपमध्ये बसवून दिलं. संध्याकाळी परत आली ती वेगळीच बाई होती. चेहरा उजळलेला, डोळे भरलेले. मी जेवता जेवता मोबाइलवर डिझाइन बघत होतो. "अवं, आज काय झालं ठावं हाय का," एवढं ती म्हणाली आणि मी मान वर न करता म्हणालो, "काय, गणपतीनं तोंड फिरवून बघितलं की काय तुझ्याकडे?" तिथला गणपती पाठमोरा आहे म्हणतात, त्यावरून माझा विनोद. ती थोडी हसली. मग ताट उचलून आत गेली.

पुढे मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर जावळाची. दवाखान्यातच सुमन म्हणाली, "हिचं नाव पायरी ठिवायचं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पायरी? मग मला हसूच आवरेना. म्हणालो, "मग पुढचा झाला तर हापूस ठेवू." आंब्याची चेष्टा संपली, तशी दुसरी सुचली. शाळेत मास्तर म्हणतील, आपल्या पायरीनं राहा. सासरी म्हणतील, हिची पायरी हिला दाखवा. आजूबाजूच्या तीन तालुक्यांची नावं मी छापतो आणि माझ्याच पोरीच्या नावावर लोक पाय देऊन जाणार? सुमननं दोन-तीनदा सांगायचा प्रयत्न केला. "त्याच्यामागं एक गोष्ट हाय," म्हणायची. मी लगेच म्हणायचो, "सांग की, पहिल्या पायरीपासून सांग." आई हसायची, बहीण हसायची. शेवटी सुमन एवढंच म्हणाली, "मी देवाच्या दारात कबूल केलंय. एवढं एकच मागते तुमच्याकडं." त्या वेळी तिचा आवाज कसा होता ते मला आज आठवतं. तेव्हा ऐकू आला नव्हता.

मी "बघू" म्हणालो. बघू म्हणजे हो, असं तिनं धरलं. मी धरू दिलं, हे माझं पाप.

बारशाच्या दिवशी पाळण्यामागे मी मोठा फ्लेक्स लावला आणि त्यावर साडी टाकून ठेवली. आमच्याकडे बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. माझ्या बहिणीला, मंदाला, मी सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आरोही म्हण. सुमनला पटलंय." मंदाला काय माहीत! ती बिचारी पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात बोलली, कुर्र केलं, आणि मी हौसेनं साडी ओढली. गुलाबी फुलपाखरं, सोनेरी अक्षरं, "आरोही". बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुमन पाळण्याची दोरी धरून उभी होती. तिनं फ्लेक्स वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दोरी हलवायला लागली. रडली नाही, चिडली नाही. घुगऱ्या वाटल्या, ओट्या भरल्या, सगळं नीट केलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटलो. जन्माच्या दाखल्यावरही मीच जाऊन तेच नाव घालून आलो.

त्यानंतर सुमन माझ्याशी भांडली नाही. कधीच नाही. साडी कोणती घ्यायची, भाजी कोणती करायची, पोरीला कुठल्या बालवाडीत घालायचं, काहीही विचारलं की म्हणायची, "तुमी ठरवाल ते." मित्र म्हणायचे, नशीबवान आहेस राव. मलाही चार वर्षं तसंच वाटत होतं. माझ्यासमोर ती पोरीला "बाय" म्हणायची. एक-दोनदा दुकानातून लवकर आलो तेव्हा अंगणातून ऐकू आलं, "ये गं पायरे, ये." मला वाटलं, ओट्याची पायरी दाखवतेय, पोर पडू नये म्हणून. बारशाचा तो फ्लेक्स आम्ही मागच्या सरपणावर घातला होता. उन्हानं सोनेरी अक्षरं आधी पिवळी आणि मग पांढरी झाली.

पोरगी साडेचार वर्षांची झाली तेव्हा माघातल्या चतुर्थीला आम्ही तिघं लेण्याद्रीला गेलो. पोर झाल्यावर नारळ द्यायचा सुमनचा नवस राहिला होता. गर्दी म्हणजे काय, पायऱ्यांवर मुंगीला जागा नव्हती. वर देवळाच्या बाहेर सुमन म्हणाली, "मी नारळ देऊन येते, हिचा हात सोडू नका." मी म्हणालो, "मी काय लहान आहे का?" ती आत गेली आणि माकडानं माझ्या हातातली प्रसादाची पिशवी हिसकावली. मी "ए, ए" करत चार पावलं त्याच्यामागे धावलो. बस, चार पावलं. वळून पाहिलं तर पोरगी नाही.

पुढचा अर्धा तास मी शत्रूलाही देणार नाही. मी "आरोही, आरोही" ओरडत लेण्यांतून धावत होतो. कठड्यावरून खाली डोकावत होतो. सुमन बाहेर आली. मला एकट्याला पाहिलं आणि काही न विचारता पायऱ्यांकडे पळाली. तिथे उभी राहून तिनं छातीच्या भात्यातून हाक मारली, "पायरे! ए पायरे!" माणसं थबकून आपापल्या पायांकडे बघायला लागली. एक म्हातारबाबा कठडा धरून म्हणाले, "दिसतीय बाई पायरी, आमी जपूनच उतरतोय." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती ओरडतच होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चार वर्षं अंगणात ती ओटा दाखवत नव्हती. ती पोरीला हाक मारत होती.

तेव्हा मी देवळाकडे वळून हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मला काही विनोद सुचला नाही. म्हटलं, देवा, तू पाठमोरा का होईना, पण माझं ऐक. मी फसवलं तिला. माझं काय करायचं ते कर, पोर तेवढी दे. मग मीही पायऱ्या उतरत ओरडायला लागलो, "पायरे, ए पायरे!" ते नाव हाक म्हणून माझ्या तोंडातून पहिल्यांदा निघालं ते असं, घसा फुटेपर्यंत.

पोरगी खाली पायथ्याशी होती. एका कुटुंबाच्या मागे मागे उतरून गेली होती. तिथल्या रखवालदारानं तिला नाव विचारलं, तर ती म्हणाली, "पायरी." त्यानं विचारलं, "आई पायरीवर हाय का?" ही म्हणाली, "पायरी." झालं! त्या भल्या माणसानं दोघांना पायऱ्यांवर पाठवलं, की कुणाची पोर हरवलीय का विचारा. ती माणसं वर चढत होती, आम्ही खाली उतरत होतो, आणि गर्दीत चुकामूक. पोर बाहेर रस्त्याकडे निघाली होती, तिथे जीपगाड्यांची रांग. तेवढ्यात शेजारी बांगड्या विकणाऱ्या जुन्नरच्या एका म्हाताऱ्या चाचीच्या कानावर ते "पायरी, पायरी" पडलं. तिनं दुकान तसंच टाकलं, उठली आणि पोरीचा हात धरला. म्हणाली, "अरे, जागा न्हाई सांगत ती. नाव हाय तिचं."

मी पोचलो तेव्हा पोरगी चाचीच्या मांडीवर बसून हातातल्या हिरव्या बांगड्या वाजवत होती. मी तिला उचललं आणि लहान मुलासारखा रडलो. मग चाचीला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हे नाव आहे म्हणून?"

ती म्हणाली, "कसं न कळंल बेटा? मोप दिस झालं. एक पोटुशी पोर हितं पायरीवर बसली व्हती, रडत. पोटातलं बाळ सकाळपासनं हललं न्हाई म्हनं. वर चढायचं आंगात न्हाई. संगतीची बाई तिच्या नावानं दर्शन घ्यायला वर गेल्याली. मी पानी घेऊन गेले. म्हटलं, रडू नगं. तुझा देव काय वरच बसतो व्हय? ही पायरी बी त्याचीच हाय. हितं हात टेक आन् सांग त्याला. तिनं हात टेकला, आन् बाळानं आशी लाथ मारली, माझ्या बी हाताला लागली! मग हसली. मला म्हनाली, चाची, लेक झाली तर नाव पायरी ठिवीन. म्या म्हटलं, लोक हसतील गं. तर म्हनाली, माझं मालक लई हसरं हायेत, पर समजावून सांगितलं का ऐकत्यात."

समजावून सांगितलं की ऐकतात. एवढा विश्वास होता तिचा माझ्यावर. मी मान खाली घालून उभा होतो. सुमन मागून येऊन पोचली होती. चाचीनं तिला ओळखलं, पोटाशी धरलं. सुमननं सगळं ऐकलं की नाही मला माहीत नाही. आम्ही निघताना ती खालच्या एका पायरीपाशी वाकली, हात टेकला, कपाळाला लावला आणि जीपकडे चालायला लागली. पोरीनंही तसंच केलं. तिला ती पायरी माहीत असल्यासारखी.

घरी आल्यावर मी सुमनची माफी मागितली. विनोद न करता, समोर बसून. म्हणालो, "नाव बदलून घेऊ. दाखल्यावर, बालवाडीत, सगळीकडे. मी हिंडतो." ती तांदूळ निवडत होती. दोन मुठी निवडून झाल्या. मग म्हणाली, "राहू द्या आता. आरोही बी चांगलं नाव हाय, तिला आवडतं. तुमी त्या दिवशी इचारलं असतं, तर मला तेवढंच पुरलं असतं." एवढं बोलून तिनं ताटलीतला एक खडा उचलून बाहेर टाकला. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्यावर मी लाडानं हाक मारली, "पायरे, ये गं." पोरगी खेळता खेळता थांबली आणि मला समजावत म्हणाली, "बाबा, मी आरोही. पायरी आईची आहे." बरोबरच होतं तिचं. ते नाव मागायचा हक्क मी बारशातच घालवला होता.

आता संकष्टीला दुकान बंद ठेवून मी दोघींना लेण्याद्रीला घेऊन जातो. चाचीकडे आधी जातो, तिच्या हातचं पाणी पितो. त्या दिवशी देवानं मला पोर परत दिली. ज्या नावाला मी हसलो त्याच नावानं दिली, आणि जिला मी कधी पाहिलं नव्हतं त्या बाईच्या हातानं दिली. याहून जास्त मला समजत नाही आणि समजून घ्यायची घाईही नाही. पूर्वी मला वाटायचं, भक्ती म्हणजे हात जोडून मागणं. आता वाटतं, आपलं तोंड बंद ठेवून समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकणं, हीसुद्धा भक्तीच असावी. सुमन हल्ली थोडं बोलते. परवा तर भाजीत मीठ जास्त झालंय म्हणालो तर माझ्याशी चक्क भांडली. मला इतका आनंद झाला की मी दोनदा भाजी मागून घेतली. तरी तिचं मन पूर्वीसारखं होईल असं मी धरून चालत नाही. जेवढं मिळेल तेवढं देवाचं देणं.

मागच्या संकष्टीला उतरताना सुमन पुढे होती आणि पोरगी माझं बोट धरून चालत होती. माझं लक्ष खालच्या दुकानांकडे होतं. चाचीच्या जवळची ती पायरी आली तशी पोरीनं माझं बोट ओढलं आणि वर बघत म्हणाली, "बाबा, जपून. पायरी आहे."

ती दगडाबद्दल बोलत होती की स्वतःबद्दल, ते मी विचारलं नाही. वाकून हात टेकला आणि म्हणालो, "हो गं बाई. आहे."