जादूघरातली शपथ

माझे सासरे, म्हणजे मामंजी, तरुणपणी जादूघरात जाऊन शपथ घेऊन आले होते. तेव्हापासून सासूबाईंनी त्यांना देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. पूजा आधी सासूबाईंच्या दिरांनी केली, मग मुलानं, म्हणजे आमच्या ह्यांनी. मामंजी आपले ओसरीत बसून आरतीला लांबूनच टाळ्या वाजवायचे.

जादूघर म्हणजे आमच्या हिंगोलीतली फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाची लॉज, त्यांचं बैठकीचं घर. निजामाच्या काळात इथं छावणी होती. तिथल्या गोऱ्या साहेबांनी ती काढली. ते गेल्यावर वकील-डॉक्टर मंडळींनी काही वर्षं चालवली आणि मग कुलूप लागलं. आतलं बाहेर सांगायचं नाही, एवढंच गावाला ठाऊक. मग गाव थोडंच गप्प बसतंय! म्हणे कवटीतून दारू पाजतात, छातीवर डाग देतात, आपला देव सोडायला लावतात. छातीवर डाग नव्हता, हे सासूबाईंनी बघून घेतलं. पण देवाचं कसं तपासणार? विचारलं की मामंजी म्हणत, "ते गुप्त आहे." झालं!

नव्वदच्या दशकात नणंदेचं लग्न ठरलं आणि हे सगळं गळ्याशी आलं. कन्यादानात बापाच्या हातावर आईनं पाण्याची धार धरायची असते. सासूबाईंनी साफ सांगितलं, "दुसऱ्या देवाची आन घेतलेल्या हातानं माझं लेकरू द्यायचं न्हाई. भाऊजींना बसवा."

नणंद रडून रडून बेजार. बाबा नसतील तर मला लग्नच नको, म्हणाली. आणि मामंजी घुम्यासारखे बसलेले. असा संताप आला मला! जळो मेलं ते गुप्त!

त्याच आठवड्यात कळमनुरीचे चाचा आले. मामंजींचे जुने वकील दोस्त, तेही त्या लॉजमधलेच. मी फोडणीच्या चुरमुऱ्यांची, आमच्याकडच्या सुशीलाची बशी त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारून टाकलं, "चाचा, मामंजींनी शपथ कोणत्या देवाची घेतली?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

"कोणत्या म्हंजे? गीतेवर हात ठेवून घेतली," चाचा म्हणाले. "मी कुराणावर, पारशी डॉक्टरांनी त्यांच्या किताबावर. ज्याचा देव त्याच्यापाशी. त्यात काय छुपाना?"

मामंजी दचकले. "हे सांगितलेलं चालतं?"

"अहो भाईसाब, गुप्त फक्त हात मिळवायची खूण आन् एक-दोन लफ्ज. तुमाला सांगितलं होतं बराबर!"

मामंजींनी मान खाली घातली. "डोळ्यांना पट्टी, गळ्यात दोर, एक गुडघा उघडा, छातीला तुम्ही धरलेल्या खंजिराचं टोक. वरून सगळं इंग्रजीत. मी लटलट कापत होतो. कोणतं गुप्त ते ऐकूच आलं नाही. मग शपथ मोडायला नको म्हणून सगळंच गुप्त धरलं."

चाचा हसता हसता ठसकले. मलाही हसू आवरेना. जीव कसा भांड्यात पडला! सासूबाई मात्र दारातच खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

"मला वाटायचं, मेल्यावर तुमी एकीकडं जाल आन् मी एकीकडं," एवढंच बोलल्या.

लग्नात मामंजी पाटावर बसले. पोरीचा हात हातात घेतला तशी त्यांची ओंजळ थरथरायला लागली. सासूबाईंनी झारी उचलली.

"आता काहून घाबरून राहिलात?" त्या हळूच म्हणाल्या. "डोळ्यांना पट्टी न्हाई. आन् मी हाय ना इथं."

आणि त्यांनी धार धरली.