माझी कंबर पुण्याला जाते

माझ्या कमरेवर पुण्यात एक मीटिंग झाली. मला तिचं आमंत्रण नव्हतं.

झालं असं, की आमची लेक ऋतुजा पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रं काढते. (आमच्या राहात्यात हे सांगितलं की लोक आधी "अस्सं!" म्हणतात आणि मग हळूच विचारतात, "आणि नोकरी कुठं करते?") कंपनी तेव्हा एक नवा गेम बनवत होती. एका बाईची पेरूची बाग असते, बागेत चोर शिरतात आणि ती बाई त्यांना बदडून काढते. इथवर झकास! पण ऋतूने सुट्टीत घरी येऊन त्या बाईचं चित्र दाखवलं, आणि आमच्या सासूबाईंची चहाची बशी ओठाजवळ जाऊन थांबली.

"ही बाई आजारी हाय का गं?"

"नाही गं आजी, ही हिरॉईन आहे."

"मग हिला कोन जेवाया घालत न्हाई?"

सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. त्या बाईची कंबर माझ्या बांगडीतून गेली असती. कमरेच्या वरचा ऐवज मात्र एवढा, की ही चालताना तोंडावर कशी पडत नाही याचीच काळजी वाटावी. पोलक्याला पाठ नाही. पायांत ही एवढी टाच. आणि ही म्हणे भर उन्हात पेरूला पाणी देणार!

"त्या टाचा घालून?" आमचे हे म्हणाले. "सरीत एक पाय रुतला की संपला गेम."

"हेच तर म्हणतेय मी!" ऋतू उसळली. "यातले पुरुष बघा. एक ढेरपोट्या आहे, एक टकल्या, एक बुटका, एकाला नुसत्या मिश्याच आहेत. पुरुष कसाही चालतो. बायका चार आहेत, आणि चौघींना एकच अंग दिलंय. फक्त साडीचा रंग वेगळा!"

ऋतूच्या टीममध्ये ती एकटी मुलगी. पुण्याला परत गेल्यावर तिने भर मीटिंगमध्ये सांगितलं की बागेत राबणारी बाई अशी नसते. मग कशी असते, असं साहेबांनी विचारलं. तेव्हा या कार्टीने मोबाईलवरून थेट भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझा फोटो लावला! आमच्या बागेत पेरूचा क्रेट उचलतानाचा! पाठमोरा! त्यावर बराच वेळ चर्चा झाली म्हणे. शेवटी साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत अशी बाई गेममध्ये उभी करून दाखव. जमलं तर ती, नाही तर आपली टाचावालीच. आणि त्यानंतर या विषयावर पुन्हा बोलायचं नाही.

थोडक्यात, पोरीची सगळी पत माझ्या कमरेवर येऊन टेकली होती. तिचा फोन आला.

"मम्मी, मी शनिवारी येतेय. तुझे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचेत. ते जोडले की कॉम्प्युटरमध्ये तू जशीच्या तशी उभी राहतेस. तू काहीच करू नकोस हं. आहेस तशी राहा."

आहेस तशी राहा! जगात एका तरी बाईने हे वाक्य ऐकून तसं केलं असेल का?

माझ्या अंगाचा इतिहास थोडक्यात सांगते. माझं लग्न ठरताना याच घरून निरोप आला होता, "मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण वाळकी आहे. जरा अंगावर मांस पाहिजे." मी मन लावून कामाला लागले. पण मी भरेपर्यंत फॅशन बदलली! आता कुठल्याही लग्नात गेलं की कुणी तरी दंडाला चिमटा काढतं, "अगं, किती सुटलीस!" म्हणतं, आणि त्याच तोंडाने ताटात जिलेबी वाढतं.

तर मी त्याच दिवशी जेवण सोडलं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारी काकडी, संध्याकाळी दुपारची उरलेली काकडी. घरात सगळ्यांवर खेकसणं एवढाच काय तो आधार. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "तू खा बाई काही तरी. आम्ही बारीक व्हायला लागलोय." शुक्रवारी आरशात पाहिलं. गाल तेवढे बसले होते. कंबर जागची हलली नव्हती.

मी चुलीपाशी डोळे पुसत बसले होते. सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "रडतीस कशापाई? मी बांधते की तुजं पोट."

आमच्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या मऊ लुगड्याने बांधतात आणि त्या कामात सासूबाईंचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नाही. निम्म्या गल्लीची पोटं त्यांनी बांधलीत. ऋतूच्या वेळी माझंही बांधलं होतं.

"आत्या, अहो त्याला आता पंचवीस वर्षं झाली!"

"म्हंजे लईच उशीर केलास. चल, हुबी ऱ्हा."

शनिवारी सकाळी ऋतूची बस यायच्या आधी आमच्या ओसरीत तो सोहळा झाला. सासूबाईंनी लुगड्याचं एक टोक माझ्या पोटावर दाबलं. दुसरं टोक धरून हे उंबऱ्याला पाय लावून उभे राहिले. मधे मी, गरागरा फिरत गुंडाळली जात होते.

"सैल बांधू का घट्ट?"

"घट्ट!" मी म्हणाले. पूर्ण श्वास घेऊन बोललेला तो माझा शेवटचा शब्द.

वरून पंजाबी ड्रेस चढवला. (साडीत अंग झाकलं जातं, म्हणून ऋतूची तशी आज्ञा होती.) आरशासमोर गेले आणि खरं सांगते, हरखले. कंबर होती! मला कंबर होती! ती माझीच आहे हे ओळखायला मात्र क्षणभर वेळ लागला.

ऋतू आली आणि माझ्याकडे बघतच राहिली. "मम्मी, तू लाल का झालीयस?"

"ऊन," मी म्हणाले. मोठी वाक्यं परवडत नव्हती.

तिने मला बागेत नेऊन मोकळ्या जागी उभं केलं. दोन्ही हात पसरून, अजिबात न हलता. मग मोबाईल घेऊन ती माझ्याभोवती फिरायला लागली. एक फेरी पायांपाशी, एक कमरेपाशी, एक डोक्याच्या वर. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते आणि तेवढ्यात पेरूचे व्यापारी आप्पा टेम्पो घेऊन आले. कोल्हारचा भला माणूस, वर्षानुवर्षं आमचा माल नेतो. त्यांनी पाहिलं काय? तर वहिनी झाडाखाली हात पसरून उभी, तोंड लालबुंद, डोळे वर गेलेले आणि पोटची पोर प्रदक्षिणा घालतेय. आप्पांनी तिथेच चपला काढल्या.

"कधीपास्नं येतंय अंगात?" त्यांनी यांना हळूच विचारलं.

"अंगात नाही हो. गेम चाललाय."

आप्पांना ते पटलं नाही. ते हात जोडून पुढे आले. "माय, यंदाच्या बहाराचं काय? भाव ऱ्हाईल का?"

मला फक्त एवढंच सांगायचं होतं की कुणी तरी माझी गाठ सोडा. आवाज फुटेना, म्हणून मी हात वर करून हलवला.

"वर! वर म्हनत्यात! भाव चढनार!" आप्पांनी मातीत लोटांगण घातलं.

"मम्मी, आता तो क्रेट उचल," ऋतू म्हणाली. तिचं सगळं लक्ष मोबाईलमध्ये.

मी वाकले. आत कुठे तरी टर्र झालं. सासूबाईंची गाठ सुटली नव्हती (ती सुटत नसते), लुगडंच फाटलं होतं! कुर्त्याखालून त्याचं टोक बाहेर लोंबलं, आमच्या वाघ्या कुत्र्याने ते दातात धरलं आणि तो पळत सुटला. आता लुगडं मला नीट गोल गुंडाळलेलं, त्यामुळे वाघ्या सरळ पळाला आणि मी जागच्या जागी भिंगरीसारखी फिरले.

"धरा! धरा!" सासूबाई ओरडल्या.

हे मला धरायला धावले.

"तिला न्हाई! लुगडं धरा! माज्या आईचं हाय ते!"

शेवटचा वेढा सुटला आणि मी भरल्या क्रेटवर जाऊन बसले. त्यातले वरचे पेरू त्या दिवशी विकले गेले नाहीत. आप्पा अजून आडवेच होते.

मला वाटलं ऋतू हसेल. ती हसली नाही. माझ्या शेजारी मातीत बसली आणि काढलेले फोटो दाखवायला लागली. त्यात कंबर होती खरी, पण मधोमध सुतळी बांधलेल्या पोत्यासारखं तिच्या वरून आणि खालून सगळं बाहेर आलं होतं.

"मम्मी, मी तिथं सगळ्यांशी भांडले," ती म्हणाली. "म्हटलं, माझी आई अशीच आहे, आणि तिला त्याची अजिबात लाज वाटत नाही. आता त्यांना हे दाखवू?"

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! पोर एकटी सगळ्यांपुढे माझी बाजू घेऊन उभी राहिली, आणि मी इकडे दुसरी टीम जॉईन केली होती. मी उठून घरात गेले, पिठलं-भाकरी खाल्ली, मग अजून एक भाकरी खाल्ली. ओढणी कमरेला खोचून बाहेर आले तर आप्पा एकेक क्रेट टेम्पोत आदळत होते.

"आप्पा! पेरू आहेत का विटा? सरका तिकडं!"

मी त्यांना बाजूला सारलं आणि क्रेट उचलून रचायला लागले. बोलत होते, उचलत होते, खांद्याने दार ढकलत होते. थोड्या वेळापूर्वी मला देवी समजलेला माणूस आता निमूट टपावरची दोरी सोडत होता. टेम्पो भरल्यावर वळून बघते तर ऋतू मोबाईल धरून उभी, डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"हीच! मम्मी, हीच पाहिजे होती मला! आता आहेस तशी उभी राहा. आणि घाम पुसू नकोस."

या वेळी मी खरोखर तशीच उभी राहिले. पोटात नुसती काकडी असती तर तेही जमलं नसतं.

सोमवारी दुपारी फोन आला. मीटिंगमध्ये मी पास झाले होते! पडद्यावर ती जाडजूड बाई क्रेट उचलून चालायला लागली तेव्हा तो टाचावालीवाला चित्रकारच म्हणाला म्हणे, "ही मारेल असं वाटतं बुवा." वाघ्या लुगडं ओढत पळाला तेव्हा ऋतूचा मोबाईल चालूच होता; तो व्हिडिओही चुकून लागला आणि साहेबांना इतका आवडला की गेममधली बाई आता चोराला लुगड्यात गुंडाळते आणि टोक ओढून गरागरा फिरवते. सासूबाई रोज दुपारी ते बघतात आणि गुंडाळायची पद्धत चुकलीय म्हणून कंपनीला नावं ठेवतात.

साहेबांनी एक अट मात्र घातली. खेळणाऱ्याला हवं असेल तर त्या बाईचा बांधा बदलता आला पाहिजे, म्हणून कमरेसाठी पडद्यावर बोटाने सरकवायची एक पट्टी दिली. ऋतू म्हणाली, ठेवा खुशाल, कुणी हात लावणार नाही. गेम आधी फक्त ऑफिसातल्या आणि ओळखीच्या लोकांना खेळायला दिला; आमच्या घरी माझ्या आणि सासूबाईंच्या मोबाईलवरही आला. पंधरवड्याने पुन्हा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मम्मी, जिंकलो! सगळ्यांनी ती बाई आहे तशीच ठेवली. पोरांनीसुद्धा!" मग म्हणाली, "फक्त एकाच मोबाईलवर कुणी तरी कंबर पार शेवटपर्यंत बारीक केलीय. आणि तो मोबाईल राहात्यातला आहे."

"आजीचा असेल," मी म्हणाले. आणि फोनवरून काही दिसत नाही हे पक्कं ठाऊक असूनही पोट आत घेतलं.