ट्रॉलीवरची जागा

"उतर खाली. माझा जेवणाचा डबा आहे इथे."

साहेब ओरडलासुद्धा नाही. इतक्या थंडपणे बोलला की तो मलाच म्हणतोय हे मला आधी कळलंच नाही.

आम्ही कल्याणहून दिव्याकडे निघालेलो. साहेब रूळ तपासायला ट्रॉलीवरून फिरायचा, आणि आम्ही चौघे अनवाणी रुळावरून धावत ती ढकलायचो. वेग आला की उडी मारून मागे बसायचं, जरा दम खायचा, पुन्हा उतरून ढकलायचं. हीच रीत. गोऱ्या साहेबाच्या वेळी मीही बसायचो. तो काही देवमाणूस नव्हता. लाथ घालायचा, पण चौघांनाही घालायचा.

स्वातंत्र्य आलं. आपला साहेब आला. पहिल्याच दिवशी त्यानं माझी जात विचारून घेतली. तेव्हापासून तिघे बसायचे आणि मी मागून धावायचो. डोंबिवली येईस्तोवर छातीचा भाता व्हायचा. समोरून गाडी आली की ट्रॉली उचलून रुळाबाहेर घ्यावी लागे. तेव्हा मात्र माझा हात चालायचा. चौथ्याशिवाय ती उचलवतच नव्हती ना!

त्या दिवशी साहेबाशेजारी एक पुढारी बसले होते. निवडणूक तोंडावर आलेली, म्हणून रुळावरच्या नव्या फाटकासाठी जागा बघायला आलेले. आदल्या संध्याकाळी त्यांचं भाषण मी शेवटपर्यंत उभा राहून ऐकलं होतं. रेल्वे आता जनतेची, शिवाशीव आता गुन्हा. मी टाळ्या पिटल्या. मूर्ख कुठला! वाटलं, हे शेजारी असताना मला कोण उठवणार? म्हणून बसलो.

मी म्हणालो, "साहेब, उचलताना माझा हात चालतो. मग बसलो तर काय बिघडलं?"

पुढाऱ्यांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "साहेबांचं ऐक बाबा. आत्ता तंटा नको."

कोपरीचा गणू माझ्या जोडीचा ट्रॉलीवाला. तो कुजबुजला, "उतर ना रं. आमची पन नोकरी घालवशील."

मी उतरलो नाही. साहेबानं ट्रॉली थांबवायला लावली. गणूनं आणि दुसऱ्यानं माझे दंड धरले, मला खडीवर ओढलं. गुडघे फुटले. तिघांनी ट्रॉली ढकलत नेली. गणूनं मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच बसून रडलो. दुसरं करणार काय?

आठवड्यानं कारकुनानं कागद पुढे केला.

"चुकून बसलो, माफी असावी, एवढंच लिहिलंय. अंगठा दे, ट्रॉलीवर राहशील. नाहीतर घाटात, खडीच्या गँगवर."

घाटात म्हणजे महिना महिना घर नाही. घरी तान्ही पोर. मी शाईकडे हात नेला. मी तो मागे घेतला.

"चुकून नाही बसलो. बसायचं होतं म्हणून बसलो. तसं लिहा, अंगठा देतो."

त्यानं लिहिलं नाही. मी घाटात गेलो. साहेब जागेवरच राहिला, पुढारी निवडून आले. माझ्यानं कुणाचं काही वाकडं झालं नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या कागदावर माझा अंगठा नाही. मी मरेपर्यंत लागणार नाही.