दातांच्या बाकड्यावरची गर्दी

किस्से जमवायचे म्हणून कुणी नर्सची नोकरी धरत नाही. पण आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात दर मंगळवारी मनाचे डॉक्टर येतात, आणि एखादा तरी किस्सा पदरात पडतोच!

सुरुवातीला त्यांच्या दारासमोरचं बाकडं मोकळं, आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे बसायला जागा नाही. औराद तालुक्याचे दात एकाएकी कसे बिघडले, मला काही कळेना. मग एक बाई कानाशी लागल्या, "सिस्टर, दात बरे हायेत. झोप येईना झालीय."

संतपूरच्या शिवराजअण्णांचं तर विचारूच नका. आडत दुकानात बसलं की त्यांची छाती धडधडायची. तेही दातांच्या रांगेत बसले, तर शेजारी गावचाच माणूस! नाव पुकारल्यावर उठावंच लागलं. आत जाऊन हलणारी दाढ काढून आले, आणि तोंडात कापूस धरून मला विचारतात, "आता त्या डॉक्टरकडं कवा जाऊ?"

लोकांची सोय म्हणून आम्ही मनाच्या डॉक्टरांच्या खोलीचं मागचं दार उघडलं. पंधरा दिवसांत बोभाटा झाला की मागच्या दारानं जातो तो वेडा. तेही दार ओस पडलं. आता करायचं तरी काय?

चिंताकीच्या संगम्माअक्का. विहिरीवर गेलं की परत फिरावंसं वाटत नाही, असं त्या पहिल्यांदा बोलल्या तेव्हा मीच त्यांना हाताला धरून डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं होतं. गोळ्यांनी सावरल्या, आणि मधेच गोळ्या सोडल्या. "पोरीची सोयरीक जमायलीय. माय येडाच्या गोळ्या खायलीय म्हणल्यावर कोण करून घेईल?" मी खूप समजावलं, पण त्या यायच्याच बंद झाल्या. मला रोज त्या विहिरीची धास्ती.

परवा दिसल्या एकदाच्या! दातांच्या बाकड्यावर, गालाला पदर लावून. माझा जीव भांड्यात पडला. शेजारी कमठाण्याच्या एक बाई. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून एवढ्या लांब मनाच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या, आमच्या जुन्याच पेशंट. त्यांचाही पदर गालाला.

संगम्माअक्का गडबडीनं म्हणाल्या, "ह्या आमच्या विहीणबाई. त्यांचीबी दाढ दुखायलीय."

आता मनाच्या डॉक्टरांकडे आधी कुणाला हाक मारू? तेवढ्यात शिपायानं येऊन सांगितलं, दातांचे डॉक्टर आज रजेवर आहेत.

खरे दातवाले कुरकुरत उठून गेले. या दोघी जागच्या हलल्या नाहीत. मग विहीणबाईंनी गालावरचा पदर सोडला.

"आधी तुमी जावा," त्या म्हणाल्या, "मी बसते हितं."