टेलरमास्तरांची टेप

सोनाळ्याचे आमचे टेलरमास्तर माप मोठ्यानं सांगतात आणि उरलेली चिंधीसुद्धा पुडीत बांधून परत देतात. माझ्या कमरेवर नागीण उठली तेव्हा म्हणाले, "आमची पोरगी मायक्रोबायलॉजी शिकून राह्यली. सांगते, याचा विषाणू बाहेर निघतानी आपल्याच पेशीतले प्रोटीन सोताच्या अंगात भरून नेते. कापड तुमचं, सदरा त्याचा."

नागिणीची टोकं भिडली की माणूस जातो, हे आम्ही दोघंही मानत नाही. तरी ते रोज अंगाला न लावता टेपनं मधलं अंतर मोजतात. काल म्हणाले, "वीस इंच."

आज दोनदा मोजलं आणि टेप गुंडाळली.

"किती?" मी विचारलं.

"गोळ्या टायमावर घेऊन राह्यले ना तुमी?"