खरं की रीत?

माझ्या धाकट्या भावाला, वियोनोला, रस्त्याने जाताना कुणी "या ना, टेका जरा" म्हटलं की तो खरोखरच जाऊन टेकतो.

आमच्या क्लातेन गावाकडे अंगण झाडणारी प्रत्येक बाई रस्त्यावरच्या प्रत्येकाला हे म्हणते. त्यावर "हो हो, पुढच्या वेळी" म्हणायचं आणि चालू पडायचं. शेंबड्या पोरालाही हे कळतं. माझा त्रेचाळीस वर्षांचा भाऊ मात्र चपला काढतो, आत जातो आणि चटईवर मांडी घालून बसतो. बोलावणारी बिचारी ओल्या केसांनी चहाचं आधण ठेवते. चहा आला की हा लगेच पितो. तीनदा "घ्या ना" म्हणेपर्यंत कपाला हात लावायचा नसतो, पण चहा गार होतो, हे त्याचं म्हणणं. कप रिकामा झाला की "झाला" म्हणून उठतो. संध्याकाळी ती बाई माझ्याकडे येते आणि हसत हसत म्हणते, "वियोनो आले होते आज, किती बरं वाटलं!" त्याचा अर्थ मला बरोबर कळतो आणि माझी कानशिलं तापतात.

शेवटी मीच एक तोडगा काढला होता. तेव्हा तो नऊ वर्षांचा असेल, मी सतरा. कुणी काही म्हटलं की त्याने मला विचारायचं, "म्बाक, खरं की रीत?" म्बाक म्हणजे ताई. मग मी सांगायचं. जेवूनच जा म्हणतात ते रीत. कुत्रा चावतो म्हणतात ते खरं. मी कानात विचार म्हटलं होतं, हा ज्याने म्हटलं त्याच्या तोंडावर खणखणीत आवाजात विचारतो. चौतीस वर्षं माझ्या जिवाला हा घोर आहे. लग्नात, मयतीत, दवाखान्यात, अगदी मशिदीच्या दारातसुद्धा मी त्याच्या दंडाला चिमटे काढत आले.

एका माणसाला मात्र तो हा प्रश्न कधी विचारत नसे. मला. म्बाक बोलली म्हणजे ते तसंच असणार, हे त्याचं पक्कं ठरलेलं. मीही ते सांभाळलं होतं. त्याच्याशी बोलताना आडपडदा नाही. भात संपलाय, तुझ्या शर्टाला वास येतोय, आता गप्प बस, माझं डोकं उठलंय. एवढं उघड मी नवऱ्याशीही कधी बोलले नाही. तो बिचारा बावीस वर्षं माझ्या हातचं खारट सार "छान झालंय" म्हणत जेवला आणि तसाच गेला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने, लारसने, मामाला जोग्जा शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तीन बैठकांनंतर त्यांनी कागदावर लिहून दिलं, ऑटिझम. वियोनोने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "बरोबर आहे. फक्त जन्मतारीख चुकलीय." मला वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटतेय! तो कागद काय गल्लीतल्या प्रत्येक अंगणात वाचून दाखवायचा?

सुखाने असतो तो फक्त पाक सारजोनोंच्या, म्हणजे सारजोनोरावांच्या, भातगिरणीत, काट्यावर. कानाला जाड टोप्या लावतो, आकडा बघतो, आकडा सांगतो. "जरा बघा ना, ओला नाहीये हो माझा माल," असं कुणी लाडीगोडी लावत म्हटलं तर हा म्हणतो, "ओला आहे." त्याने वजन केलेलं पोतं कुणी पुन्हा काट्यावर चढवत नाही. तिथे रीत लागत नाही. ती लागते बाकी सगळ्या जगात, आणि नेमकी लारसच्या लग्नाच्या बोलण्यात तर फारच.

मुलगा, हंदोको, सोलोचा. त्याची आई बू प्राप्ती, म्हणजे प्राप्तीबाई, बोलण्यात अगदी लोणी. पहिल्यांदा भेटायला आल्या तेव्हा त्यांनी स्वतः केलेलं वाजिक आणलं होतं, चिकट तांदूळ आणि गुळाच्या वड्या. ताटली पुढे सारत म्हणाल्या, "काही जमलं नाही हो मला. अगदी बेचव झालंय. गोड मानून घ्या."

"म्बाक, खरं की रीत?" वियोनोने विचारलं. खणखणीत.

मी चिमटा काढला. उत्तर मिळेना म्हणून साहेबांनी वडी तोंडात टाकली, चावली, विचार केला आणि म्हणाले, "खरं आहे. गूळ जास्त झालाय. नारळाचं दूध कमी पडलंय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. विषय बदलायला मी लारसकडे वळले आणि मुलीच्या आईने म्हणायचं ते म्हटलं, "आमची पोर अगदीच अडाणी हो, साधा भात येत नाही तिला."

"येतो," वियोनो म्हणाला. "मंगळवारी केला होता. चांगला होता." एवढं बोलून त्याने कानांवर हात ठेवले, कारण शेजारच्या लग्नातला कर्णा सुरू झाला होता.

बू प्राप्ती तोंडावर हात ठेवून हसल्या. आमच्याकडे हसण्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

आठ दिवसांनी आमच्या शेजारीण बू तुकीनेम निरोप घेऊन आल्या. हे लग्न त्यांनीच सुचवलेलं. "बू प्राप्तींनी सांगितलंय, मागणी घालायला येऊ त्या दिवशी वियोनोंना नक्की असू द्या. त्यांना फार दगदग मात्र नको, म्हणाल्या." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "कळलं ना, म्बाक सुम?" "कळलं हो." न कळायला काय झालं? सगळं आयुष्य यातच गेलंय. दगदग नको म्हणजे तो नको. तो नको म्हणजे, समोर आला तर लग्नाचं काही सांगता येत नाही.

वियोनोने तोवर आपला बातिकचा शर्ट इस्त्री करून दाराच्या खिळ्याला लटकवून ठेवला होता. अकरा दिवस आधी.

त्याला सरळ सांगता आलं असतं. तो "बरं" म्हणाला असता. पण त्या शर्टासमोर उभं राहून मला ते तोंडाने म्हणवेना. मी पाक सारजोनोंकडे गेले. म्हटलं, रविवारी एकपर्यंत त्याला गिरणीत काहीतरी काम द्याल का? ते हात जोडून हसले. "इंग्गिह, इंग्गिह." म्हणजे हो, हो. हा होकार समोरच्याचं मन मोडू नये म्हणून असतो, काम होईल म्हणून नव्हे. हे मी भावाला शंभरदा समजावलंय. पण मला तो हवा होता, म्हणून मी तो खरा धरला.

"रविवारी गिरणीत काम आहे," मी वियोनोला सांगितलं. "एकपर्यंत थांब."

"रविवारी गिरणी बंद असते."

"या रविवारी नाही."

त्याने मला काहीही विचारलं नाही. "बरं," म्हणाला. "मग शर्ट पिशवीत घेऊन जातो. एकनंतर घालता येईल."

रविवारी पाहुणे आले. अकरा परड्या आल्या. फळं, कापड, बांगड्या. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी रीतीप्रमाणे आपापल्या घराण्याला यथेच्छ नावं ठेवली. लारस मान खाली घालून बसली, अंगठी बोटात गेली, सगळं कसं रेशमासारखं चाललं होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच बू प्राप्ती म्हणाल्या, "वियोनो दिसले नाहीत?"

"त्याचं काय झालं, गिरणीत तातडीचं काम निघालं."

"अगोबाई. मी तर मुद्दाम निरोप धाडला होता." त्यांनी पिशवीतून एक छोटा डबा काढला. "गूळ कमी केलाय या वेळी, दूध वाढवलंय. तीस वर्षं वाजिक करतेय मी, सगळे आपले सुरेख, सुरेख. ते चव बघतील तेव्हाच मला कळेल. कर्ण्याचा त्रास होतो ना त्यांना? म्हणून आमच्या मंडळींना सांगून ठेवलं होतं, आज गाणं-बिणं काही लावू नका."

मी त्या डब्याकडे बघत राहिले. रीत म्हणून माणूस अकरा परड्या आणतो. रीत म्हणून कुणी कमी गुळाचा वेगळा डबा करत नाही. बाईने साधा, सरळ निरोप पाठवला होता, आणि साऱ्या जगाची बोलणी उलगडून सांगणाऱ्या मला तेवढाच कळला नव्हता.

चहाचा ट्रे बू तुकीनेमच्या हातात कोंबला आणि मी लारसची स्कूटी काढली.

गिरणीला कुलूप होतं. वियोनो बाहेरच्या बाकावर बसला होता. पायाशी जेवणाचा डबा, मांडीवर पिशवी, पिशवीत घडी न मोडलेला शर्ट.

"गिरणी बंद आहे," तो म्हणाला.

"अरे शहाण्या, मग घरी नाही का यायचं?" मी ओरडलेच. माझा राग नेहमी असा चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

"तू एकपर्यंत थांब म्हणालीस. अजून वीस मिनिटं आहेत." मग म्हणाला, "मी पाक सारजोनोंना फोन केला. ते पुतण्याच्या सुंतेला गेलेत. काम काय आहे विचारलं. काही नाही, म्हणाले. तुमच्या ताईंनी ठेवून घ्या म्हटलं, आम्ही हो म्हटलं."

"चल घरी," मी म्हटलं. "बू प्राप्ती वाट बघतायत. तुझ्यासाठी वाजिक आणलंय."

"खरं की रीत?"

"खरं! अगदी खरं रे. वेगळा डबा आणलाय."

तो माझ्या चपलांकडे बघत होता. बोलताना तो तिथेच बघतो. "त्यांचं नाही विचारत," तो म्हणाला. "तुझं विचारतोय. गिरणीत काम आहे म्हणालीस ते."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"रीत," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग पोत्याचा आकडा सांगावा तशा आवाजात म्हणाला, "बरं. म्हणजे आता तुलाही विचारावं लागेल."

चिडला असता, डबा फेकला असता, तरी मला चाललं असतं. तो बाकामागे जाऊन शर्ट बदलून आला आणि स्कूटीवर मागे बसला.

घरी त्याने सगळ्यांसमोर वाजिक खाल्लं. "गूळ आता बरोबर आहे. तांदूळ थोडा कच्चा राहिलाय." बू प्राप्तींनी पुढे सरकून आणखी किती वेळ वाफवायचा ते विचारलं, कुणाला काही वाटलं नाही, लग्न ठरलं, झालं. लारस आता सोलोला असते. घरात आम्ही दोघंच.

सात महिने झाले. रोज संध्याकाळी मी म्हणते, "अजून भात घे." त्याचा हात ताटावर थांबतो.

"खरं की रीत?"

"अरे, माझं घर, मी शिजवलेला भात, मी कशाला तुझ्याशी रीत करीन? किती वेळा सांगायचं? वीट आणलायस नुसता!"

"एकदा केली होतीस," तो म्हणतो. त्यात टोमणा नसतो, त्याला टोमणे येतच नाहीत. मग तो उत्तराची वाट बघत बसतो. भात गार होत असतो. गार भात त्याच्या घशाखाली जात नाही, तरीही.

"खरं," मी म्हणते.

मग तो वाढून घेतो.